बर्फावर ओतलेली आमटी

न्यायालयात सगळ्यांत जास्त ऐकणारी आणि सगळ्यांत कमी बोलणारी व्यक्ती म्हणजे लघुलेखक. न्यू जर्सीतल्या एका काउंटी न्यायालयात मी हे काम एकवीस वर्षं केलं. त्याआधी नागपूरच्या एका दैनिकात तीन वर्षं न्यायालयाच्या बातम्या करत होते. तिथल्या वृत्तसंपादकांनी पहिल्याच आठवड्यात माझ्या बातमीतला ‘मी’ खोडला आणि पुन्हा दिसला तर बातमीच खोडीन म्हणून सांगितलं. लग्न होऊन अमेरिकेत आल्यावर ही सवय कामाला येईल असं वाटलं नव्हतं, पण आली.

आमचं यंत्र टंकयंत्रासारखं नसतं. त्याला बावीस-तेवीस कळा असतात आणि त्यांवर अक्षरं छापलेली नसतात. पेटीवर सूर धरावेत तशा चार-पाच कळा एकदम दाबायच्या. एका दाबात एक उच्चार उमटतो, सराव झाल्यावर अख्खा शब्द, कधी अख्खं वाक्य. आवाज जवळजवळ होत नाही. कागदाची अरुंद पट्टी घडी पडत पडत मागच्या तबकात साठत जाते. ती वाचता येते फक्त आमच्यातल्याच कुणाला, आणि खात्रीनं वाचता येते ती जिनं लिहिली तिलाच.

शिकवणाऱ्या बाईंचा एक नियम होता: अर्थाकडे लक्ष दिलंत की मागे पडाल. हे खरं आहे. वर्ष-दोन वर्षांत कान आणि बोटं यांच्यामध्ये कुणी उरत नाही. साक्षीदार बोलतो, बोटं हलतात, आणि आपण मात्र खिडकीबाहेरच्या मेपलच्या फांदीकडे बघत असतो. दुपारी रेडिएटर गरम होऊन बारीक शीळ घालू लागला की मला कित्येकदा वाटायचं, मी पाण्याखाली बसले आहे आणि माणसांचे आवाज वरून, उजेडासारखे, खाली येत आहेत. संध्याकाळी पट्टी वाचायला घेतली की कळायचं, आज कुणाचा खून झाला होता.

माणसं मात्र तऱ्हेतऱ्हेची भेटली. एक लिलाव पुकारणारा साक्षीदार होता. त्याला हळू बोलायला सांगितलं की तो तोतरा व्हायचा, म्हणून न्यायाधीशांनी शेवटी त्याला त्याच्याच वेगानं बोलू दिलं आणि माझी मनगटं आठवडाभर दुखली. एक आजी दर वाक्यानंतर माझ्याकडे वळून विचारायच्या, ‘फार भरभर होतंय का गं बाळ?’ तो प्रश्नही मला दर वेळी लिहावा लागे. अधिकृत नोंदीत तो बेचाळीस वेळा आहे.

जो खटला मला सांगायचा आहे तो ऐंशीच्या दशकाच्या मध्यावरचा, एका जानेवारीतला आहे. त्यातली नावं मी बदलली आहेत.

आरोपी उषा पारखी, वय अडतीस. तिचे पती मधुकर पारखी केमिकल इंजिनिअर होते आणि त्यांना हृदयाचा विकार होता. आदल्या वर्षी फेब्रुवारीतल्या एका रविवारी दुपारी जेवण करून ते खुर्चीत बसले आणि तासाभरात गेले. रुग्णवाहिका आली, त्यांना रुग्णालयात नेलं, तिथे मृत घोषित केलं. रक्तात त्यांच्याच हृदयाच्या औषधाचं प्रमाण नेहमीपेक्षा कितीतरी पट निघालं. दुसऱ्या दिवशी पोलिस घरी आले तेव्हा स्वयंपाकघरात एकही भरलेलं भांडं नव्हतं. सगळी घासून पालथी घातलेली होती.

सरकारी वकिलांचं म्हणणं सरळ होतं. मधुकर पारखींनी कायमचं भारतात परतायचं ठरवलं होतं आणि तिकिटंही काढली होती. उषाला जायचं नव्हतं, त्यावरून घरात भांडणं होत होती. गोळ्या कुटून दुपारच्या आमटीत घातल्या गेल्या आणि संध्याकाळी पुरावा नष्ट केला गेला. बचाव पक्षाचं म्हणणं असं होतं की मधुकरराव विसराळू झाले होते, घेतलेली गोळी पुन्हा घ्यायचे, आणि त्या दिवशीही तसंच झालं असावं. कुटलेली गोळी कुणी पाहिली नव्हती, आणि पुन्हा घेतलेलीही कुणी पाहिली नव्हती. म्हणजे सगळा खटला त्या पालथ्या भांड्यांवर उभा होता. उषा दोषी ठरली असती तर तिचं उरलेलं आयुष्य तुरुंगात गेलं असतं. तिची अकरा वर्षांची मुलगी तेव्हा दूर दुसऱ्या राज्यात, शॉमबर्ग गावी मावशीकडे ठेवली होती. ती तिथेच वाढली असती.

खटला सुरू होण्याआधी न्यायाधीशांनी मला चेंबरमध्ये बोलावून विचारलं, आरोपीला ओळखतेस का? मी नाही म्हटलं, आणि ते खरं होतं. जवळच्या एडिसन गावातल्या ओक ट्री रोडवर तेव्हा आपली दुकानं उघडू लागली होती. तिथे पोह्यांच्या पुड्यांसमोर आम्ही शेजारी उभ्या राहिलो असू, पण ओळख नव्हती. ते म्हणाले, मग ठीक आहे.

तिसऱ्या दिवशी शेजारीण साक्षीला आली. निवृत्त शिक्षिका, नीटस, बेताचं बोलणारी. त्या संध्याकाळी ती आपल्या सिंकपाशी उभी होती. तिनं पाहिलं की उषा मागचं दार उघडून एकेक भांडं बाहेर आणते आहे आणि अंगणातल्या बर्फावर ओतते आहे. आधी पाणी, पातेल्यातलं, बाटल्यांतलं, किटलीतलं. मग भात, मग काहीतरी पांढरं आणि पातळ, आणि शेवटी काहीतरी पिवळं.

वकिलांनी विचारलं, घाईत होती का?

‘मुळीच नाही,’ बाई म्हणाल्या. ‘झाडांना पाणी घालावं तशी ओतत होती. अंगात कोट नव्हता. मला वाटलं, मी स्वप्न बघते आहे. बर्फ पडत होतं आणि त्या पिवळ्यावर पुन्हा पांढरं साठत होतं.’

माझी बोटं चालू होती. पण एकदम मी पाण्याच्या वर आले. कित्येक वर्षांनी मी साक्षीचा अर्थ ती चालू असतानाच ऐकला. बाईंनी जे पाहिलं ते मला माहीत होतं. नागपूरला आजोबा गेले तेव्हा आईनं आणि काकूनं घरातलं भरलेलं सगळं पाणी, रांधलेलं सगळं अन्न असंच मागल्या दारी नेऊन ओतलं होतं. मी आठ वर्षांची होते आणि एवढी घट्ट ताकाची कढी का टाकतात म्हणून रडले होते. घरात मृत्यू झाला की आधीचं अन्नपाणी ठेवत नाहीत. त्या घरी चूल पेटत नाही, जेवण बाहेरून येतं. का, ते मला तेव्हा कुणी सांगितलं नाही आणि पुढेही मी विचारलं नाही.

उषा स्वतः साक्षीला उभी राहिली. इंग्रजी बरं होतं, आवाज लहान. सरकारी वकिलांनी विचारलं, हे करायला तुला कुणी सांगितलं? ती म्हणाली, कुणी नाही, करतात. कोण करतं? सगळे करतात. या देशात कुणाला करताना पाहिलंस?

उषा म्हणाली, ‘या देशात आमच्यातलं अजून कुणी गेलंच नव्हतं. हे पहिले.’

ज्युरीतल्या दोघीतिघींनी माना खाली घातल्या. इतरांचे चेहरे तसेच राहिले. पण ती खरं बोलत होती. आमच्यातली माणसं पंचविशीत-तिशीत इथे आली होती. मुंज झाली होती, बारशी झाली होती, एका बेसमेंटमध्ये गणपती बसत होता, पण मेलं कुणी नव्हतं. मरणाच्या दिवशी काय करतात हे ज्यांना माहीत होतं ती सगळी माणसं सातासमुद्रापलीकडे होती, आणि तिकडचा फोन लागायला अर्धा दिवस जायचा.

मग तिचं म्हणणं खोडायला सरकारी पक्षानं डॉ. महाबळांना बोलावलं. हे मूळचे सांगलीचे, साठीकडे झुकलेले, आपल्या मंडळींत सगळ्यांत आधी आलेले आणि सगळ्यांत मानाचे. मधुकररावांचे स्नेही. त्या दिवशी रुग्णालयातून उषाला घरी सोडलं ते त्यांनीच. साक्षीदार म्हणून त्यांना तोवर बाहेर बसवलं होतं, त्यामुळे आत कोण काय बोललं ते त्यांनी ऐकलेलं नव्हतं. ते आले तेव्हा मागच्या बाकांवर त्यांच्याच रुग्णालयातले दोन डॉक्टर बसले होते. त्यांच्यामागे डॉ. महाबळांच्या पत्नी, महाबळ काकू, करड्या कोटाखाली नऊवारीसारखी चापूनचोपून नेसलेली साडी.

वकिलांनी विचारलं, तुम्ही त्याच भागातले, त्याच भाषेचे, त्याच धर्माचे? होय. घरात मृत्यू झाल्यावर अन्नपाणी फेकून देण्याची अशी काही प्रथा तुम्हाला ठाऊक आहे?

‘सुशिक्षित घरांत नाही,’ डॉक्टर म्हणाले.

‘तुमच्या घरात?’

‘नाही. कधीच नाही.’

मी ते लिहिलं. चार दाब.

ते खोटं का बोलले, याचा मी नंतर पुष्कळ विचार केला. त्यांना उषाचं वाईट व्हावं असं वाटत नव्हतं. इथे येऊन आमच्या लोकांनी एक गोष्ट फार मेहनतीनं उभी केली होती: आम्ही सापवाले, गायवाले नाही, आम्ही विज्ञानाची माणसं आहोत. कामाच्या ठिकाणी दर पार्टीत कुणीतरी हसत हसत काहीबाही विचारायचं आणि आम्ही हसत हसत नाही म्हणायचो. डॉक्टर वीस वर्षं नाही म्हणत आले होते. त्या दिवशीही सवयीनं म्हणाले. फरक एवढाच की या वेळी ते शपथेवर होते आणि समोर एक बाई आयुष्य पणाला लावून बसली होती.

जेवणाची सुट्टी झाली. मी बाहेर कॉरिडॉरमधल्या बाकावर डबा घेऊन बसले. उंच खिडक्यांतून बर्फाचा उजेड येत होता, फरशीवर कुणाचीच सावली पडत नव्हती. महाबळ काकू येऊन शेजारी टेकल्या.

‘मराठी ना गं तू?’ त्यांनी विचारलं. ‘नाव वाचलं पाटीवर.’

मी म्हटलं, ‘काकू, मला तुमच्याशी बोलता येत नाही. खटल्याबद्दल तुम्ही जे काही माझ्याकडे बोलाल, ते मला आत जाऊन न्यायाधीशांना सांगावं लागेल.’

हा नियमच आहे. साक्षीदार, त्याचे नातेवाईक, ज्युरी, यांच्यापैकी कुणी लघुलेखकाशी खटल्याविषयी बोललं तर ते तिनं लपवायचं नसतं.

काकूंनी हातमोजे काढून मांडीवर ठेवले. ‘सांगावं लागेल म्हणजे? साधारण काय ते?’

‘नाही. शब्द न् शब्द.’

‘आणि मी वकिलाकडे जाऊन सांगितलं तर?’

‘ते तुम्ही तुमचं बघा.’

‘ते नवऱ्याविरुद्ध जाणं होतं,’ त्या म्हणाल्या. ‘मला त्याच घरात राहायचंय. तुझ्याशी बोलले तर आपल्या दोन बायकांचं नुसतं बोलणं.’ मग त्यांनी खिडकीकडे पाहिलं आणि मराठीतच, मुलांना गणित घालावं तसं सावकाश सांगायला सुरुवात केली. ‘ऐक नीट. सांगलीला सासूबाई गेल्या तेव्हा आम्ही इथून गेलो होतो. दोन हंडे, एक कळशी आणि माठ. ह्यांनी स्वतः उचलून परसात ओतलं. मला हात लावू दिला नाही, थोरला मुलगा म्हणून. आणि उषाकडे त्या रात्री मी पिठलं-भाताचा डबा घेऊन गेले. तो कशासाठी? तिथे चूल पेटणार नाही हे माहीत होतं म्हणूनच ना? गाडी कुणी चालवली? ह्यांनीच. झालं एवढंच. विसरशील?’

मी नाही म्हटलं.

‘नको विसरूस,’ असं म्हणून त्या उठल्या आणि हातमोजे घालत बायकांच्या स्वच्छतागृहाकडे गेल्या.

मी यंत्र उचललं आणि चेंबरचं दार वाजवलं. न्यायाधीशांनी दोन्ही वकिलांना बोलावून घेतलं. पुढचं काम विचित्र होतं: मी बोलत होते आणि माझंच बोलणं मीच लिहीत होते. काकूंची वाक्यं मराठीत सांगितली, मग इंग्रजीत. सांगताना माझा आवाज बाहेरून कुठून तरी येतोय असं वाटत होतं, शेजारच्या खोलीत रेडिओ लागला असावा तसा. हंडा म्हणजे काय, असं न्यायाधीशांनी विचारलं. मी म्हटलं, पाणी साठवायचं मोठं तांब्या-पितळेचं भांडं.

सरकारी वकील चिडले होते. ते माझ्याकडे वळले. ‘आणि तू स्वतः? तुलाही ही प्रथा माहीत असेल?’

मी तोंड उघडलं. न्यायाधीश म्हणाले, ‘ती साक्षीदार नाही. उत्तर देऊ नकोस.’

मी लिहिलं: उत्तर देऊ नकोस. आणि दिलं नाही.

मी सांगितलेलं काही पुरावा म्हणून चालणार नव्हतं, ते ऐकीव होतं. पण बचावाच्या वकिलांना आता काय विचारायचं ते कळलं होतं. दुपारी त्यांनी डॉ. महाबळांना पुन्हा उभं केलं. न्यायाधीशांनी आठवण करून दिली की तुम्ही अजून शपथेवर आहात.

आई वारल्या तेव्हा कुठे होतात? सांगलीला. घरी? घरी. त्या दिवशी घरात जे पाणी भरलेलं होतं त्याचं काय केलंत?

डॉक्टर गप्प झाले. शांतता आम्ही लिहीत नाही. ती कागदावर उमटत नाही. मी बोटं कळांवर ठेवून थांबले. बाहेर बर्फ सुरू झालं होतं, मोठ्या, सुट्या पाकळ्यांचं. डॉक्टरांनी मागच्या बाकांकडे पाहिलं. काकू पर्समध्ये काहीतरी शोधत होत्या.

‘ओतलं,’ ते म्हणाले.

‘कुणी?’

‘मी. दोन हंडे, एक कळशी.’ मग, ‘आणि एक माठ.’

‘सकाळी तुम्ही म्हणालात, कधीच नाही. का?’

‘तुम्ही सगळे ऐकत होतात म्हणून,’ डॉक्टर म्हणाले.

त्यांचा आवाज एकदम म्हातारा झाला होता. त्यांना आणखी काही विचारलं गेलं नाही. उतरताना त्यांनी कठड्याला धरलं. उषा त्यांच्याकडे बघत नव्हती, तिनं डोळे मिटले होते.

ज्युरी दीड दिवस आत होती. मध्ये एकदा त्यांनी डॉक्टरांची दुसरी साक्ष वाचून दाखवायला सांगितली. अशा वेळी आम्हाला सपाट वाचावं लागतं. आवाज चढवायचा नाही, थांबायचं नाही, एक शब्द दुसऱ्याहून जड करायचा नाही. मी वाचलं. ‘ओतलं’ आणि त्याआधीचा प्रश्न यांच्यात मला जे अंतर ऐकू आलं होतं ते कागदावर नव्हतं, म्हणून तेही वाचलं नाही. वाचताना मी ज्युरीकडे बघत नाही, त्या दिवशीही बघितलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी निर्दोष म्हणून सांगितलं.

वाचक विचारतील, तिनं खरंच केलं नव्हतं का? मला माहीत नाही. पाणी का ओतलं हे न्यायालयाला कळलं. गोळ्या कशा गेल्या हे कुणालाच कळलं नाही. निर्दोष सुटका झाली की अपील नसतं, आणि अपील नसलं की आमच्या पट्ट्या टंकून कुणी मागत नाही. त्या खटल्याच्या पट्ट्या खोक्यात राहिल्या आणि मुदत संपल्यावर नियमानुसार, माझ्या सहीनं, नष्ट झाल्या. महाबळ काकूंना मी पुढे दोनदा गणपतीत पाहिलं. त्यांनी ओळख दाखवली नाही आणि मीही दाखवली नाही. डॉक्टर येत नसत.

निकालाच्या दिवशी मी यंत्र पेटीत भरून बाहेर आले तेव्हा उषा त्याच कॉरिडॉरमध्ये एकटी उभी होती. तिचे वकील गाडी आणायला गेले होते. मुलीला फोन झाला होता. खटला संपला होता, म्हणजे आता बोलायला मनाई नव्हती. तरी बोलली तीच.

‘तुमच्याकडेही ओततात ना?’

मी हो म्हटलं.

‘म्हणजे तुम्हाला पहिल्यापासून माहीत होतं.’

‘शेजारणीच्या साक्षीपासून.’

‘मग बसून कशा राहिलात?’

तिचा आवाज रागाचा नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. माझ्याकडे नियमातलं उत्तर तयार होतं आणि ते बरोबरही होतं. पण मी दुसरंच सांगितलं, जे त्या चेंबरमध्ये मला कुणी विचारलं नव्हतं आणि विचारलं असतं तर नोकरी गेली असती. मी म्हटलं, ‘मी रोज माझ्या खोलीत दार लावून जेवते. आठ वर्षांत एकदाही बाहेर बसले नाही. त्या दिवशी डबा घेऊन मी मुद्दाम महाबळ काकूंच्या वाटेत बसले. त्या बोलल्या नसत्या तर मी काही करणार नव्हते. पण बसले.’

उषानं कोटाची बटणं लावली, वरून खाली, एकेक. खिडकीबाहेर वकिलांची गाडी येऊन उभी राहिली होती आणि तिच्या टपावर बर्फ साठत होतं.

‘काय होतं डब्यात?’ तिनं विचारलं.

‘पोळी आणि बटाट्याची भाजी.’

‘जेवलात?’

‘नाही,’ मी म्हटलं.

तिनं माझ्या हातातली यंत्राची पेटी घेतली आणि दारापर्यंत आणून दिली.